आधी लाइन धुवा

(दृश्य: सकाळचा मकरपुरा रस्ता, स्कूटर, मग एका शेडचं वर जाणारं शटर)

मामा बडोद्याच्या दांडिया बाजारातून साडेआठला निघतात, मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, पोचेपर्यंत नऊ होतात. शटर उघडलं की पहिलं काम कंप्रेसर चालू करायचं. चहा त्यानंतर.

हे माझे सख्खे मामा. कलाभवन या तंत्रशिक्षणाच्या संस्थेच्या आवारात शिकले, केमिकल प्लँटांमध्ये इन्स्ट्रुमेंट फिटर म्हणून राबले, आता कंट्रोल व्हॉल्व्ह दुरुस्त करतात. सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं तेव्हा असले व्हॉल्व्ह कुणाच्या स्वप्नातही नसतील. पण १९६५ मध्ये कोयलीची रिफायनरी सुरू झाली, आजूबाजूला खतं, पेट्रोकेमिकल, रंग-रसायनं आली, आणि बडोद्यात या कामाला तोटा राहिला नाही.

(दृश्य: टेबलावर उघडलेला व्हॉल्व्ह, जवळून)

घरचा नळ आपण हाताने फिरवतो. हा नळ हवा फिरवते. कंट्रोल रूममधून ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल येतो. व्हॉल्व्हवरचा पोझिशनर त्या हिशेबाने वरच्या डब्यात हवा सोडतो. डब्यातला रबरी डायफ्रॅम, म्हणजे पडदा, स्प्रिंगला रेटतो, स्टेम म्हणजे दांडा हलतो, आणि स्टेमच्या टोकाचा प्लग, म्हणजे बूच, खालच्या सीटपासून वर उठतो किंवा तिच्यावर बसतो. हवा गेली तर पुढचं स्प्रिंग बघते. अशा वेळी भट्टीच्या गॅसचा व्हॉल्व्ह बंद व्हायला हवा, थंड पाण्याचा उघडा राहायला हवा. हे ऑर्डर देतानाच ठरवावं लागतं.

दुरुस्तीला आलेल्या व्हॉल्व्हबद्दल मामांचं एक ठाम मत आहे. “व्हॉल्व्ह बिघडत नाही रे, बिघडवतात.”

एका प्लँटमधला किस्सा ते अजून चिडून सांगतात. नवी पाइपलाइन टाकली, वेल्डिंग झालं, आणि घाईघाईत व्हॉल्व्ह लगेच बसवला. खरं तर त्याच्या जागी आधी पाइपचा साधा तुकडा लावायचा, लाइन पाण्याने नाहीतर हवेने धुवायची, आणि मग व्हॉल्व्ह चढवायचा. सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होईना. उघडला तर सीटवर तांदळाएवढा वेल्डिंगचा मणी, आणि प्लगवर त्याने पाडलेली चीर. “एवढ्याशा मण्यापायी अख्खा प्लँट उभा!” मामा बोट नाचवत म्हणतात.

बसवतानाच्या बाकी गोष्टी सोप्या, तरी चुकतात. बॉडीवरचा बाण प्रवाहाच्या दिशेने हवा. डबा शक्यतो सरळ वर, आणि तो उचलून काढता येईल एवढी मोकळी जागा डोक्यावर. फ्लँजचे, म्हणजे पाइपाला जोडणाऱ्या कड्यांचे, बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत जायचे. शेजारी बायपास, म्हणजे वळणाची पर्यायी लाइन, असली तर प्लँट न थांबवता व्हॉल्व्ह काढता येतो.

(दृश्य: मामांचे हात, ग्लँडच्या नटावर पाना)

आता हे नीट बघा. स्टेम जिथून बाहेर येतो तिथे गळती रोखणारं पॅकिंग असतं, आणि ते दाबून धरणारी ग्लँड. साधारण २३० अंशांपर्यंत टेफ्लॉन, त्याच्या वर ग्रॅफाइट. तिथे थेंब दिसला की नवखा गडी नट करकचून आवळतो. गळती थांबते, पण स्टेम अडकतो. सिग्नल वाढतो, स्टेम जागचा हलत नाही, मग एकदम उडी मारतो आणि पुढे जातो. कंट्रोल रूमच्या आलेखावर करवतीचे दात उमटतात. ऑपरेटर कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये तास घालवतो आणि दोष निघतो पान्याचा.

मामा एका नटाला पाव फेरा देतात, मग समोरच्याला पाव. स्टेम चालवून बघतात. पुन्हा पाव. बोलत नाहीत.

(दृश्य: मीटरवर आकडे: ४, ८, १२, १६, २०)

मग तपासणी. पाच टप्पे चढताना, तेच पाच उतरताना. चढताना आणि उतरताना १२ ला स्टेम वेगळ्या जागी थांबला, तर कुठेतरी घर्षण आहे किंवा सांधा ढिला आहे.

खराब प्लगही पुष्कळ सांगतो. गुळगुळीत घासलेला असेल तर द्रवाची वाफ होऊन ती जोरात गेलेली असते. जळक्या कोळशासारखा खडबडीत असेल तर बुडबुडे फुटून धातू खाल्लेला. असा व्हॉल्व्ह चालू असताना आतून खडी वाहते आहे असा आवाज येतो.

पावसाळ्यात मामांचा फोन थांबत नाही. हवा कोरडी करणारा ड्रायर आळसावला की हवेच्या लाइनमध्ये पाणी. फिल्टरचा कॉक खोलला की रुमालावर पिवळट चिळकांडी. तेच पाणी पोझिशनरच्या सुईएवढ्या भोकात जाऊन बसतं. आणखी एक शत्रू आहे, त्यावर मामा हसतात: कुंभारीण माशी. हवा बाहेर पडायच्या तोंडात ती मातीचं घर बांधते. तिथे बारीक जाळी लावली की झालं.

डबा उघडताना मात्र ते कुणाला जवळ येऊ देत नाहीत. आत स्प्रिंग दाबलेली असते. लांब बोल्ट असतील तर ते सर्वांत शेवटी, हळूहळू सैल करायचे.

(दृश्य: संध्याकाळ, दारात टेम्पो)

व्हॉल्व्ह तयार आहे. दोन्ही तोंडांवर लाकडी झाकणं ठोकली. मामा खडू घेतात आणि बाणाच्या वर गुजरातीत लिहितात, कारण बसवणारा पोरगा गुजरातीच वाचतो:

‘पहेलां लाइन धोजो.’