झाकली मूठ: बर्लिनच्या ढिगाऱ्यातला पहिला सिनेमा

तारीख १५ ऑक्टोबर १९४६. बर्लिनच्या सोव्हिएत भागातल्या आडमिराल्सपालास्ट थिएटरमध्ये त्या संध्याकाळी एका सिनेमाचा प्रीमियर आहे, आणि त्याच रात्री तिकडे न्युरेंबर्गच्या तुरुंगात हिटलरचा उजवा हात हर्मान ग्योरिंग विष खाऊन मरतो, उजाडायच्या आत बाकीचे दहा नाझी नेते फासावर जातात. म्हणजे मोठ्या माशांचा हिशोब तिकडे चाललाय आणि इकडे पडद्यावर विचारलं जातंय की बाबांनो छोट्या माशांचं काय, जे कुठल्या कोर्टात उभेच राहिले नाहीत, जे कालपर्यंत युनिफॉर्ममध्ये होते आणि आज कोट घालून दुकान चालवतायत.

सिनेमाचं नाव 'डी म्यॉर्डर झिन्ट उन्टर उन्स'. खुनी आपल्यातच आहेत. युद्ध संपल्यावर जर्मनीत बनलेला हा पहिला कथापट. लेखक-दिग्दर्शक वोल्फगांग श्टाउटे.

तो बनला हेच मुळात आश्चर्य आहे. श्टाउटे स्क्रिप्ट घेऊन दोस्त राष्ट्रांच्या ऑफिसांचे उंबरे झिजवत होता, पश्चिमेकडच्यांनी नकार दिला, जर्मनांच्या हातात इतक्यात कॅमेरा द्यायचा नाही असा एकंदर सूर होता. हो म्हणाले ते रशियन. शूटिंग १९४६ च्या मेमध्ये सुरू झालं आणि सोव्हिएत भागातल्या ज्या डेफा या फिल्म कंपनीच्या नावावर हा सिनेमा आहे तिला लायसन्स मिळालं १७ मेला, म्हणजे आधी सिनेमा आणि मग कंपनी असाच प्रकार म्हणायचा. सेट वगैरे भानगड फारशी लागलीच नाही, बाहेर अख्खं शहर पडलेलं होतं.

आता गोष्ट. बर्लिन १९४५. खच्चून भरलेली ट्रेन येते, लोक टपावर बसलेत, आणि त्यातून सुझान उतरते, छळछावणीतून सुटून घरी आलेली. स्टेशनच्या भिंतीवर टुरिस्ट लोकांसाठीचं जुनं पोस्टर अजून तसंच आहे, 'सुंदर जर्मनी'. ती घरी पोचते तर तिच्या फ्लॅटमध्ये एक अनोळखी माणूस राहतोय, डॉक्टर हान्स मेर्टेन्स, आर्मीत सर्जन होता, आता रक्त बघवत नाही म्हणून डॉक्टरकी सोडलीय आणि दिवसरात्र दारू. जाणार कुठे दोघं? शहरात धड छप्परच नाही. मग राहतात एकत्र, आधी भांडत, मग हळूहळू सवयीने, मग प्रेमाने.

या घरात एक गोष्ट नीट बघा, खिडक्या. काचा फुटल्यात, नवीन मिळत नाहीत, तर मेर्टेन्सने जुन्या एक्स-रे फिल्म लावल्यात खिडकीला. कुणाकुणाच्या छातीचे पिंजरे. घरात येणारा सगळा उजेड त्या बरगड्यांमधून गाळून येतो, आणि त्यावर कोणीही एक अक्षर बोलत नाही. मला विचाराल तर सिनेमातली सगळ्यात भारी गोष्ट हीच, ते तिरके अँगल आणि भिंतीवरच्या राक्षसी सावल्या जरा जास्तच होतात कधीकधी.

मेर्टेन्सला झोपेत झटके येतात, तो काहीतरी बडबडतो, पण विचारलं तर ताकास तूर लागू देत नाही. मग सुझानला एक पत्र सापडतं, युद्धात मेर्टेन्सचा वरिष्ठ असलेल्या कॅप्टन ब्रुकनरने बायकोला लिहिलेलं, मी मेलो तर पोचवा म्हणून. मेर्टेन्स समजून चाललाय की ब्रुकनर मेला. सुझान पत्र पोचवते, तर ब्रुकनर साहेब ठणठणीत. बायको आहे, मुलं आहेत, फॅक्टरी आहे. फॅक्टरीत काय बनतं? सैनिकांच्या लोखंडी हेल्मेटांची भांडी, स्वयंपाकाची. काल डोक्यावर होतं ते आज चुलीवर, आणि त्याच्या घरच्या खिडक्यांना मात्र खऱ्या काचा आहेत.

आर्नो पॉल्सेनने हा ब्रुकनर काय केलाय! व्हिलनसारखा अजिबात नाही. गोलमटोल, हसरा, जुन्या दोस्ताला बघून मनापासून खूश होणारा, या या बसा करणारा. एका सीनमध्ये तो आरामात खातोय, समोर ब्रेड गुंडाळलेला वर्तमानपत्राचा कागद, आणि त्यावर हेडलाइन आहे की वीस लाख माणसं गॅसने मारली. तो वाचतही नाही. चावतोय. एवढंच.

तर त्याने केलं काय होतं? १९४२ चा ख्रिसमस, पोलंडमधलं एक गाव. ब्रुकनरने ओलीस धरलेल्या गावकऱ्यांना गोळ्या घालायचा हुकूम दिला. मेर्टेन्सने विनवण्या केल्या, निदान बायकामुलं तरी सोडा, ऐकलं नाही. मग रिपोर्ट येतो: ३६ पुरुष, ५४ बायका, ३१ मुलं. खर्च झालेल्या गोळ्या, ३४७. आणि मग सगळे मिळून ख्रिसमसची गाणी म्हणतात. गोळ्यांचा आकडाही रिपोर्टमध्ये आहे, गोदामातल्या मालासारखा.

मेर्टेन्स ठरवतो, याला संपवायचं. एका रात्री त्याला ढिगाऱ्यात घेऊन जातो, आता झाडणार, तेवढ्यात एक बाई धावत येते, पोरगी गुदमरतेय, कोणी डॉक्टर आहे का? आणि गंमत बघा, हा डॉक्टर आहे म्हणून सांगतो कोण, तर ब्रुकनर. मेर्टेन्स जातो, घरातल्या अवजारांनीच तिच्या गळ्याला छेद देऊन श्वास मोकळा करतो, पोरगी वाचते. हा योगायोग जरा फिल्मी आहे हे कबूल, पण रक्ताला घाबरणारा माणूस परत डॉक्टर होतो तो इथे.

शेवट १९४५ च्या ख्रिसमसला, फॅक्टरीत. मेर्टेन्स बंदूक घेऊन जातो, सुझान मागोमाग पोचते आणि त्याला थांबवते, न्याय करायचा हक्क आपल्याला नाही म्हणते. तो म्हणतो बरोबर, पण आरोप तर करायलाच हवा. ब्रुकनर गजांआड ओरडत राहतो, मी निर्दोष आहे, माझं काय चुकलं. खरं म्हणजे श्टाउटेने लिहिलेला शेवट वेगळा होता, त्यात मेर्टेन्स त्याला ठार मारतो, स्क्रिप्टचं नावच होतं 'ज्याला मी मारणार तो माणूस'. सोव्हिएत अधिकाऱ्यांनी बदलायला लावलं, कारण सिनेमा बघून लोक उठून एकेकाला उडवायला लागले तर आवरणार कोण. नाव बदललं, शेवट बदलला. आणि प्रॅक्टिकली बघितलं तर त्यांचं म्हणणं चूक नव्हतं.

पण मला खटकतं ते दुसरंच. छळछावणीतून आलीय ती सुझान, ना? आणि अख्ख्या सिनेमात दुःख कोणाचं चाललंय, तर डॉक्टरचं. त्याची स्वप्नं, त्याची दारू, त्याचा अपराधीपणा. ती बिचारी घर झाडते, पुसते, पोस्टरं रंगवते, त्याला सांभाळते. चेहरा टवटवीत, केस व्यवस्थित. तिला तिथे काय झालं हे ना तो विचारतो ना दिग्दर्शक. ज्यू हा विषयही जवळजवळ नाहीच, तो हेडलाइनच्या कागदावर आला तेवढाच. १९४६ च्या प्रेक्षकाला स्वतःला डॉक्टरमध्ये बघणं सोपं होतं, मी गोळी नाही घातली, मी फक्त बघत होतो, मला त्रास होतोय. सुझानच्या डोळ्याला डोळा देणं जड होतं. प्रेमकथा म्हणून ही जोडी गोड वाटते, पण ती जमते कारण एकीने गप्प बसायचं पत्करलंय.

आणि मग कॅमेऱ्याच्या मागे बघितलं की अजून मजा. सुझान झालेली हिल्डेगार्ड क्नेफ तेव्हा वीस वर्षांची. युद्धाच्या शेवटच्या दिवसांत ही मुलगी सैनिकाचे कपडे घालून बर्लिनमध्ये लढत होती, प्रियकराबरोबर राहता यावं म्हणून, आणि तो प्रियकर होता एवाल्ड फॉन डेमान्डोव्स्की, नाझी फिल्म खात्यातला बडा माणूस. त्याला सोव्हिएतांनी मृत्युदंड दिला तो १९४६ च्याच ऑक्टोबरमध्ये, प्रीमियरच्या महिन्यात. पडद्यावर मात्र ती छळछावणीतून सुटलेली.

सेट डिझायनर ओटो हुंटे, ज्याने 'मेट्रोपोलिस' या गाजलेल्या जर्मन मूकपटाचे सेट केले, त्यानेच १९४० मध्ये 'यूद झ्युस' या ज्यूद्वेषी प्रचारपटाचेही केले होते. त्या प्रचारपटात छोटा रोल करून गेलेला एक नट होता, त्याचं नाव वोल्फगांग श्टाउटे. होय, हाच.

आणि हीरो? मेर्टेन्स झालेला एर्न्स्ट विल्हेल्म बोर्शेर्ट. युद्धानंतर कित्येक जर्मनांना अमेरिकनांची १३१ प्रश्नांची प्रश्नावली भरावी लागायची, पार्टीत होतात का, कुठली पदं, सगळं. बोर्शेर्टने नाझी पार्टीची मेंबरशिप लपवली. पकडला गेला, अटक झाली, आणि प्रीमियरच्या जाहिरातीतून हीरोचं नाव गायब. खुनी आपल्यातच आहेत असं सांगणाऱ्या सिनेमाच्या हीरोलाच झाकली मूठ उघडायची नव्हती!

यावरून कोणी म्हणेल की सगळेच ढोंगी, मी नाही त्यातली. मला तसं नाही वाटत. १९४६ च्या बर्लिनमध्ये ज्याला लाइट लावता येतो, कॅमेरा धरता येतो तो प्रत्येक माणूस कालपर्यंत हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याच्या हाताखालीच काम करत होता, कोरी पाटी घेऊन येणार कुठून? असल्या हातांनी हा विषय काढला आणि स्वतःच्याच प्रेक्षकासमोर ठेवला, हे मी तरी जमेला धरतो.

श्टाउटेने पुढेही पाठ सोडली नाही. १९५९ मध्ये, आता पश्चिम जर्मनीत, त्याने 'रोझेन फ्युर डेन श्टाट्सआनवाल्ट' (सरकारी वकिलासाठी गुलाब) केला, त्यात युद्धात चॉकलेटच्या चोरीवरून एका सैनिकाला मृत्युदंड सुनावणारा लष्करी न्यायाधिकारी आता गावातला प्रतिष्ठित सरकारी वकील आहे, आणि तो वाचलेला सैनिक नेमका त्याच गावात फेरीवाला म्हणून येतो. यावेळी तर चक्क कॉमेडी. ब्रुकनरने फॅक्टरी काढली होती, हा थेट कोर्टातच बसलाय.