गोल बसतोय कुठून?

मंडळी, फुटबॉलचा संघ सलग चार मॅच हरला की कोचला भेटेल तो माणूस एकच सल्ला देतो: "फॉर्मेशन बदला." चहाच्या गाड्यावर देतो, मैदानाच्या कट्ट्यावर देतो, घरी आलेला पाहुणासुद्धा देतो. आपल्या कोल्हापुरात तर शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसलेला माणूस लहानपणापासून तालमींच्या संघांच्या मॅच बघत आलेला असतो. बॅक कुठं उभा राहायला हवा होता, हे त्याला खरोखरच कळतं. त्यामुळं मी हा सल्ला कधी उडवून लावत नाही. पण तो अर्धा असतो. काय बदला, कुणाला हलवा आणि कशासाठी, हे त्यात नसतं. आज मी त्या उरलेल्या अर्ध्याबद्दल बोलणार आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हरणाऱ्या संघाची मांडणी ठरवायला बसाल तेव्हा फळ्यावर आकडे लिहून सुरुवात करू नका. चार-चार-दोन की तीन-चार-तीन, म्हणजे मागं बॅक किती, मध्ये हाफ किती, पुढं फॉरवर्ड किती, हा प्रश्न शेवटचा आहे. पहिला प्रश्न असा, की मागच्या पाच मॅचमध्ये आपल्यावर गोल बसले ते मैदानाच्या नेमक्या कुठल्या जागेतून? ते खिंडार सापडलं, की आपल्याकडं माणसं कोण आहेत ते बघा. आणि ते बुजवायला कमीत कमी जितकी माणसं हलवावी लागतील, तेवढीच हलवा.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण शंभर वर्षांपूर्वीचं आहे. 1925 साली ऑफसाइडचा नियम बदलला. तोवर पास देताना पुढच्या खेळाडूच्या आणि गोललाइनच्या मध्ये समोरच्या संघाची तीन माणसं असावी लागायची, नाहीतर तो ऑफसाइड धरला जायचा; ती तीन माणसं आता दोनवर आली. त्या काळी सगळे दोन बॅक, तीन हाफ आणि पाच फॉरवर्ड असे खेळायचे. जुन्या नियमात एक बॅक पुढं सरकला की समोरचा फॉरवर्ड आपोआप ऑफसाइड व्हायचा आणि मागं दुसरा राखायला असायचाच. नव्या नियमात तो सापळा चुकला की मागं फक्त गोली. इंग्लंडच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये आदल्या हंगामात 1192 गोल झाले होते, या हंगामात 1703 झाले.

हर्बर्ट चॅपमन तेव्हा नुकतेच लंडनच्या आर्सेनल क्लबला कोच म्हणून आले होते. 3 ऑक्टोबर 1925 ला न्यूकॅसलमध्ये आर्सेनल 7-0 ने हरलं. त्यांचा अनुभवी फॉरवर्ड चार्ली बुकन याचं म्हणणं होतं, की सेंटर हाफला खाली ओढून दोन बॅकच्या मधोमध उभा करा. चॅपमननी ते ऐकलं. पण सेंटर हाफ खाली गेला की मध्यात जागा रिकामी पडते, तिथं कोण? त्यासाठी राखीव संघातला अँडी नील वर आणला आणि त्याला इनसाइड फॉरवर्डच्या जागेवरून मागं यायला सांगितलं. नील काही वेगवान नव्हता. चेंडू पायाखाली धरून, मान वर करून, कुणाला द्यायचा ते बघण्याइतका थंड डोक्याचा मात्र होता आणि त्या जागेला तेवढंच लागत होतं. दोनच दिवसांनी वेस्ट हॅमच्या मैदानावर आर्सेनल 4-0 ने जिंकलं आणि हंगामाच्या शेवटी दुसऱ्या क्रमांकावर आलं. पुढं याच बदलातून डब्ल्यू-एम नावाची मांडणी (पुढच्या पाच जणांचा डब्ल्यू, मागच्या पाच जणांचा एम) घडत गेली आणि ती जगभर खेळली गेली. पण त्या सोमवारी चॅपमनच्या डोक्यात डब्ल्यूही नव्हता आणि एमही नव्हता. मधोमध पडलेलं एक खिंडार होतं आणि ते भरायला हलवलेली दोन माणसं होती.

आता माझी चूक सांगतो, कारण ती आपल्यातल्या बऱ्याच जणांनी केलेली आहे. 2016 च्या सप्टेंबरात कोच कोंतेंचं चेल्सी आर्सेनलकडून 3-0 ने हरलं. त्या मॅचच्या दुसऱ्या हाफमध्ये कोंतेंनी फाब्रेगासला काढून मार्कोस अलोन्सोला आत घेतलं आणि मागं तिघांवर आले. पुढची मॅच हलला झाली, तिथपासून लीगमध्ये सलग 13 विजय. हंगामाअखेर 93 गुण आणि चषक. आम्ही रात्र-रात्र जागून त्या मॅच बघत होतो. मीही माझ्या शाळेच्या पोरांना मागं तिघं, मध्ये चौघं, पुढं तिघं असं उभं केलं. पोरं चौदा-पंधरा वर्षांची, आधीच तीन मॅच हरलेली. पुढच्या दोन आणखी वाईट हरली.

का हरली, हे मला मैदान पावलांनी मोजल्यावर कळलं. मोठं मैदान साधारण 68 मीटर रुंद असतं. मागं चौघं असतील तर एकाच्या वाट्याला 17 मीटर येतात. तिघं असतील तर जवळजवळ 23. हा वाढीव भार दोन्ही बाजूंच्या विंग बॅकनी उचलायचा असतो. चेंडू आपल्याकडं असला की समोरच्या कॉर्नरच्या झेंड्यापर्यंत जायचं, गेला की आपल्या झेंड्यापर्यंत परत यायचं आणि हे नव्वद मिनिटं. चेल्सीकडं त्यासाठी अलोन्सो आणि व्हिक्टर मोझेस होते. मधल्या दोघांत कांते होता, ज्याच्या पायाला दम लागतच नाही असं वाटायचं. मागं चेंडू पायात घेऊन खेळणारा डेव्हिड लुईझ होता. माझी विंग बॅकवरची दोन पोरं पन्नासाव्या मिनिटाला कमरेवर हात ठेवून उभी होती. त्यांचा काही दोष नव्हता. मी दुसऱ्याचा सदरा माझ्या पोरांच्या अंगात घातला होता.

त्या रात्री मी एक साधी गोष्ट केली, ती तुम्हीही करा. शंभर पानी वही घेतली, तिच्या एका पानावर मैदान आखलं आणि पाच मॅचमधल्या प्रत्येक गोलची मुळं आठवून फुली मारली. गोल जिथं आत गेला तिथं नाही. त्या गोलची हालचाल जिथून सुरू झाली, आपण जिथं पहिल्यांदा फसलो, तिथं. अकरा गोल होते. सात फुल्या एकाच पट्ट्यात पडल्या: आमचा डावा बॅक आणि त्याच्या शेजारचा स्टॉपर, म्हणजे मधला बॅक, यांच्या मधल्या जागेत. वहीत काय निघालं, त्याच्याकडं शेवटी येतो.

आता लेस्टर सिटी. त्यांनी 2016 ला इंग्लंडची लीग जिंकली, त्या चमत्काराबद्दल सगळेच बोलतात. मला त्याच्या आधीचं वर्ष जास्त शिकवतं. 2015 च्या एप्रिलमध्ये हा संघ तळाला होता. 29 मॅचमध्ये 19 गुण. कोच नायजेल पिअर्सन. त्या वसंतात त्यांनी मागं तिघांची मांडणी पक्की केली: वेस मॉर्गन, फेब्रुवारीत उसना आणलेला रॉबर्ट हूट आणि वासिलेव्स्की. तिघंही अंगापिंडानं भक्कम, हवेतला चेंडू सोडायचे नाहीत, पण पाठीमागं चेंडू पडला तर वळून धावण्यात कमी. अशी दोनच माणसं मध्ये असली की एक चुकला तर संपलं. तिसरा असला की एकानं पुढं जाऊन भिडायचं आणि दोघांनी मागं सावरायचं. बाजूला अल्ब्राइटन आणि श्लूप, दोघंही मुळात विंगचे, धावायला कंटाळा नाही. शेवटच्या नऊ मॅचमध्ये सात विजय, एक बरोबरी, एक हार. 22 गुण. संघ चौदावा आला आणि लीगमध्ये राहिला.

मग उन्हाळ्यात नवे कोच रानिएरी आले. ज्या मांडणीनं संघ वाचला होता तीच पुढं चालवायची, असा मोह कुणालाही झाला असता. त्यांनी मागं चौघं केले आणि साधं जुनं चार-चार-दोन मांडलं, कारण हातातली माणसं बदलली होती. कांते, तोच जो पुढं चेल्सीला गेला, नुकताच आला होता. पुढं वार्डीला धावायला मोकळी जागा हवी होती आणि ती मिळवायला सगळ्या संघानं थोडं खाली बसणं सोयीचं होतं. तरीही पहिल्या सात मॅचमध्ये 14 गोल बसले. 26 सप्टेंबरला आर्सेनलनं लेस्टरला त्यांच्याच मैदानावर 5-2 ने हरवलं. इथं पुन्हा फॉर्मेशन बदलायची वेळ आली असं कुणीही म्हणालं असतं. रानिएरींनी फॉर्मेशन तसंच ठेवलं आणि त्यातले दोन्ही बाजूंचे बॅक बदलले. वर जायला उत्सुक असणाऱ्या द लाट आणि श्लूपच्या जागी सिम्पसन आणि फुक्स आले, ज्यांचं पहिलं लक्ष मागं असायचं. श्लूपला पुढं मधल्या फळीत घेतलं आणि पुढच्याच मॅचला नॉर्विचमध्ये त्यानं गोलही केला. त्या हंगामातल्या उरलेल्या 31 मॅचमध्ये लेस्टरवर फक्त 22 गोल बसले.

फळ्यावर बघितलं तर काहीच बदललं नव्हतं. तेच चार-चार-दोन. म्हणून मी म्हणतो, आकडे बघून मांडणी कळत नाही. बॅक किती आहेत यापेक्षा बॅक कसा आहे, हे आधी बघा.

याच्या उलट उदाहरण अगदी अलीकडचं आहे आणि ते बघताना मला फार वाईट वाटायचं. रुबेन अमोरिम तीन-चार-तीन खेळवणारे कोच. पोर्तुगालमध्ये स्पोर्टिंगला त्यांनी याच मांडणीवर 2021 साली 19 वर्षांनी लीग जिंकून दिली आणि 2024 मध्ये परत जिंकून दिली. त्या नोव्हेंबरात ते मँचेस्टर युनायटेडला आले. हंगाम मध्यावर, सरावाला वेळ नाही आणि संघात मुरलेला असा विंग बॅक नाही. उजव्या पायाच्या दालोला डावीकडं खेळवावं लागलं. मध्यात दोघंच असल्यामुळं तिघांनी खेळणारा संघ आला की एक माणूस कायम मोकळा सुटायचा. युनायटेड 42 गुणांवर पंधरावं आलं. कोच तोच, मांडणी तीच. तिच्या मापाची माणसं मात्र तिथं नव्हती. मोठ्या क्लबला खेळाडू खरेदीच्या पुढच्या खिडकीत माणसं विकत घेता येतात. तालमीच्या किंवा शाळेच्या संघाला ती सोय नाही. आपल्याला आहे त्या अठरा पोरांतूनच वाट काढावी लागते, त्यामुळं ही चूक आपल्याला जास्त महाग पडते.

आपल्या देशात हे काम कुणी करून दाखवलं असेल तर भारताचे कोच, हैदराबादच्या सय्यद अब्दुल रहीम साहेबांनी. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियानं भारताला 10-1 ने हरवलं. आपली बरीच पोरं अनवाणी खेळली होती. त्यानंतर बूट आले आणि मागं दोनच बॅक ठेवायची जुनी पद्धतही मागं पडली, तिसरा बॅक आला. 1956 ला मेलबर्नमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध नेव्हिल डिसोझानं तीन गोल केले. मूळचा गोव्यातल्या आसगावचा, मुंबईत टाटांकडून खेळणारा पोरगा. ती मॅच 4-2 ने जिंकून भारत सेमी फायनलला गेला. समोर पुन्हा युगोस्लाव्हिया. हरलो, पण 4-1 ने आणि पहिला गोल नेव्हिलनंच केला होता. दहावरून चारवर. मला हा आकडा विजयाइतकाच मोठा वाटतो.

आणि 1962 चं जकार्ता एशियाड. जर्नेल सिंग हा आपला स्टॉपर, त्या काळचा आशियातला फार मोठा बचावपटू. स्पर्धेत त्याचं डोकं फुटलं, टाके पडले. रहीम साहेबांनी त्याला बाहेर बसवलं नाही. सेंटर फॉरवर्डला उभं केलं. सेमी फायनलला त्यानं गोल केला आणि फायनलला दक्षिण कोरियाविरुद्धही केला. भारत 2-1 ने जिंकला, सुवर्णपदक आलं. स्टॉपर म्हणून त्याला फॉरवर्ड कुठल्या जागेत घुसतात ते पाठ होतं. त्यानं त्याच जागा धरल्या असतील, असं मला नेहमी वाटतं.

तेव्हा उद्या सरावाला गेलात की पोरांना लगेच नवीन जागा वाटू नका. आधी तुमच्या फुल्या मारा. फुल्या मधोमध असतील तर मध्यात एक हाफ वाढवायचा विचार करा, फॉरवर्ड एक कमी झाला तरी चालेल. फुल्या बाजूला असतील तर बॅकचा दोष आहे की त्याच्या पुढचा विंगवाला परत येत नाही, ते बघा. बहुतेक वेळा विंगवाला असतो आणि शिव्या बॅकला बसतात. आणि फुल्या सगळीकडं विखुरलेल्या असतील तर मांडणीला हात लावू नका. मग प्रश्न दमाचा किंवा पोरांच्या मनाचा आहे. बदल केलात तर त्याला किमान तीन मॅच द्या. दर रविवारी नवीन फॉर्मेशन मिळालेल्या पोराला कुठं उभं राहायचं हे आठवण्यातच एक सेकंद जातो आणि तेवढ्यात समोरचा निघून गेलेला असतो.

माझ्या वहीतला तो डावा बॅक. सात फुल्या त्याच्या अंगणात. मी त्याला बदलायच्याच बेतात होतो. दुसऱ्या दिवशी सरावाला त्याचे बूट बघितले. उजव्या बुटाचा तळ पार झिजलेला, डावा जवळजवळ नवा. पोरगा प्रत्येक वेळी उजव्या पायावर यायला आत वळत होता आणि मागची बाजू उघडी पडत होती. विचारलं तर म्हणाला, "सर, डावीकडं कोण नव्हतं म्हणून तुम्हीच उभं केलं होतं मला." मी मागं परत चौघं केले, त्याला उजवीकडं नेलं आणि उजवीकडच्या डावखुऱ्या पोराला डावीकडं आणलं. तो डावखुरा तिथं का होता, तर आधीच्या वर्षी उजवीकडं कोण नव्हतं. पुढची मॅच चिखलात झाली, 1-1. आमच्यावरचा गोल कॉर्नरवरून आला, गोलीसमोरच्या गर्दीतून. घरी येऊन वही उघडली आणि फुली मारली. डावा पट्टा त्या दिवशी कोरा राहिला.