जुईवरचं पांढरं

(दृश्य : फाटकावरची लोखंडी कमान, सकाळचं कोवळं ऊन. कॅमेरा हळूहळू एका शेंड्यापाशी येतो.)

पुण्यातल्या एका जुन्या बंगल्याचं हे फाटक. कमानीवर जुई आहे, आजींनी लग्नानंतर दोन-तीन वर्षांत लावलेली. महिना फेब्रुवारीचा. जुईच्या बहराला अजून पावसाची वाट बघायची आहे, आणि तरी शेंडे पांढरे दिसताहेत. लांबून वाटतं, कळ्याच आल्या.

जवळून बघा. पिठात बोट बुडवून कुणीतरी पेरापेरावर टेकवत गेलंय, असं दिसतं. शेजारी म्हणाले, बुरशी आहे. माळी म्हणाला, पांढरा मावा. हा आहे पिठ्या ढेकूण. बागवाल्यांच्या बोलण्यात मिलीबग.

(दृश्य : अतिजवळून. काडीच्या टोकानं पांढरा थर बाजूला होतो.)

थर बाजूला केला की खाली मऊ, गुलाबीसर, लांबट गोल जीव. सोंड सालीत रुतवून बसलेला. अंगावरचं हे पीठ म्हणजे मेण, आणि ते त्याचं त्यानंच तयार केलेलं. मेणावर पाणी ठरत नाही. म्हणूनच फवारा मारला तरी बरंचसं पाणी ओघळून जमिनीवर जातं आणि पिठ्या जागच्या जागी राहतो. मादीच्या मागे ही कापसाची पुंजी दिसते ना, तिच्यात शेकड्यांनी अंडी असतात. त्यातून निघालेली पिल्लं पिवळसर, मिठाच्या कणाहून लहान. त्यांच्या अंगावर मेण अजून चढलेलं नसतं. वेलभर पसरतात ती हीच. वाऱ्यानं जातात, मुंग्यांबरोबर जातात, आणि छाटणीच्या कात्रीवरूनही जातात.

आता मुंगी. ही फीत आम्ही अजिबात कापलेली नाही, मुद्दामच.

(दृश्य : मुंगी मिशांनी पिठ्याच्या पाठीवर टकटक करते. मागच्या टोकाला एक थेंब फुगतो.)

वेलीच्या रसात साखर भरपूर, बाकीचं पोषण थोडं. ते थोडं मिळवायला पिठ्याला रस खूप ओढावा लागतो, आणि जादा साखर अशी थेंबाथेंबानं बाहेर टाकावी लागते. मुंगीनं मिशा लावल्या, थेंब आला, तिनं तो उचलला. या बदल्यात ती राखण करते. पिठ्याला खाणारा कुणी आला तर त्याला चावून हाकलते. जे थेंब मुंगीच्या हाती लागत नाहीत ते खालच्या पानांवर पडतात आणि त्यावर काळी बुरशी धरते. आजी तिला काजळी म्हणतात, आणि तोच शब्द बरोबर आहे. ती पानाच्या आत शिरत नाही, ओल्या फडक्यानं पुसली जाते. पण असेपर्यंत पानाला ऊन मिळू देत नाही.

मुंग्या येत कुठून होत्या? खोडावर तर ओळ नव्हती. आमच्या कॅमेरावाल्याला ती चौथ्या दिवशी सापडली. गच्चीवरून खाली आलेल्या केबलच्या वायरवरून, वायर जिथे कमानीला टेकते तिथून थेट मांडवात.

(दृश्य : वायरवरची मुंग्यांची रांग, मागे निळं आकाश.)

गेल्या वर्षी हेच सगळं झालं होतं. तेव्हा माळ्यानं दुकानातून बाटली आणली आणि दोनदा फवारलं. आपण त्याला औषध म्हणतो. मला तो शब्द तिथे वापरवत नाही. पहिल्या आठवड्यात वेल स्वच्छ झाली. महिन्याभरात पिठ्या परत आला, आधीपेक्षा दाट. पुंजीतली अंडी आणि सालीच्या फटीतले जीव त्या विषातून वाचले. जे वाचले नाहीत ते कोण होते, हे आजींना या चित्रीकरणातच पहिल्यांदा कळतंय.

(दृश्य : आजींच्या हातात जुना टूथब्रश, साबणाच्या पाण्याचं भांडं. ब्रश फांदीवर टेकतो आणि थांबतो.)

आजी रोज सकाळी ब्रशनं पिठ्या घासून काढत होत्या. त्या दिवशी आम्ही त्यांना भिंगातून दाखवलं. हे बघा. याच फांदीवर, त्याच रंगाचं, पण आकारानं मोठं. अंगावर लोकरीसारख्या लांब झुली. आणि हे चालतंय. पिठ्या क्वचित हलतो, हलला तरी रेंगाळत. हे पांढरं भराभर चालतं, थांबतं, मान खाली घालतं. आता बघा काय करतंय.

(दृश्य : अळी पिठ्याला जबड्यात धरून खाते. वीस सेकंद, निवेदन नाही.)

ही ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्डची, अळी आहे. नाव क्रिप्टोलीमस. मोठा झाला की हा किडा जेमतेम चार मिलिमीटर, काळपट, डोकं आणि मागचं टोक नारिंगी. ढालकिडा म्हटलं की ठिपके डोळ्यांपुढे येतात, याला एकही नाही. लहानपणी मात्र तो हुबेहूब आपल्या भक्ष्यासारखा दिसतो. त्याच्याही अंगावर मेणाच्या झुली असतात, त्यामुळे राखणदार मुंग्यांमध्ये राहून त्याचं फारसं बिघडत नाही. त्याची मादी अंडी घालते ती पिठ्याच्या कापसाच्या पुंजीत. पिल्लू जन्मतंच ताटावर. आजींच्या ब्रशखाली किती गेली असतील, हा प्रश्न त्यांनीच विचारला.

हा किडा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. 1888 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संत्र्या-लिंबांच्या बागा रस शोषणाऱ्या एका खवले किडीनं उद्ध्वस्त करत आणल्या होत्या. तेव्हा आल्बर्ट कोबेले हा कीटकतज्ज्ञ ऑस्ट्रेलियाला गेला आणि तिथून एक लाल-काळा ढालकिडा पाठवला. दोन वर्षांच्या आत बागा सावरल्या. पुढच्या फेरीत, 1890 नंतर लगेचच, त्यानं क्रिप्टोलीमसही नेला. भारतात तो 1898 मध्ये आला. दक्षिणेतल्या कॉफीवर हिरवी खवले कीड होती, तिच्यासाठी त्याला आणलं होतं. इथे तो स्थिरावला आणि पिठ्यावर ताव मारू लागला. आज नाशिक-सांगलीकडचे द्राक्षबागायतदार त्याला ओळखतात. द्राक्षही वेलच. पिठ्या घडात शिरला की माल हातचा जातो, म्हणून तिथे खोडाची सुटी साल सोलून त्याच्या लपायच्या जागा मोडतात आणि बागेत हे किडे सोडतात. जे द्राक्षाला चालतं ते फाटकावरच्या जुईला का चालू नये? आजींच्या जुईवर तर ते विकत न आणताच आले होते.

मग काम ठरलं. सगळ्यात आधी मुंग्या.

(दृश्य : वायर कमानीपासून वेगळी बांधली जाते. खोडाभोवती कापडी पट्टी, तिच्यावर बोटानं ग्रीस.)

वायर ओढून लांब बांधली. भिंतीला टेकणारे चार फाटे छाटले. एक फाटा जरी टेकलेला राहिला तरी सगळी मेहनत वाया. खोडाला जुन्या कापडाची पट्टी गुंडाळून ग्रीस त्या पट्टीवर लावलं, सालीला लागू दिलं नाही. धूळ बसून ग्रीस सुकतं, त्यामुळे दर आठ-दहा दिवसांनी पट्टी बदलायची. पहिल्या संध्याकाळी मुंग्या पट्टीपाशी येऊन गोळा झाल्या, तो शॉट आम्ही जपून ठेवलाय.

नंतर पाहणी. प्रत्येक फांदी उलटून बघायची. जिथे झुलीवाली अळी दिसली तिथे लाल दोरा बांधला. त्या फांदीला हात लावायचा नाही. दोरा नसलेल्या, फार माखलेल्या फांद्या कापून तिथल्या तिथे पिशवीत बंद केल्या. खताच्या ढिगावर टाकल्या असत्या तर पिल्लं रांगत परत आली असती. उरलेल्या फांद्यांना पानाखालून पाण्याचा जोराचा फवारा, आणि त्यानंतर निंबोळी अर्क.

(दृश्य : पाटा-वरवंटा, निंबोळ्यांचा मगज. रात्रभर भिजलेलं दुधाळ पाणी, सुती फडकं पिळणारे हात.)

अर्क आजींनी घरीच केला. उन्हाळ्याच्या शेवटी वेचून सावलीत वाळवलेल्या निंबोळ्या होत्या. त्यांचं टरफल काढून आतला मगज जाडसर वाटला. एक लिटर पाण्याला 50 ग्रॅम. रात्रभर भिजवून सकाळी दुहेरी फडक्यातून गाळून घेतला. किसलेला साधा साबण दोनेक ग्रॅम, तो आधी थोड्या पाण्यात विरघळवून मगच अर्कात. अर्क मेणाला धरून राहतो तो या साबणामुळे. त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर फवारायचा. शिळा झाला की त्याचा जोर जातो, आणि दुपारी मारला तर पानं करपतात. लाल दोऱ्याच्या फांद्यांवर हाही नाही. निंबोळी झाली तरी ती कोवळ्या अळ्यांना सोसत नाही.

मार्चअखेर दोऱ्याच्या फांद्यांवर पिठ्या शोधावा लागत होता. अर्धी कमान मात्र छाटणीत गेली, आणि यंदा फूल कमी आलं.

(दृश्य : ऑगस्ट. भिजलेली कुंपणाची भिंत. कृष्णकमळाचे नुसते देठ, त्यावर तांबूस काटेरी अळ्या.)

याच अंगणातली ही दुसरी वेल, कृष्णकमळ. पानं संपली आहेत. या अळ्यांचं होणारं फुलपाखरू नारिंगी, काळ्या ठिपक्यांचं, सावकाश उडणारं. अळ्यांना वाढायला पान हवं असतं ते बहुतेक करून कृष्णकमळाच्या कुळातलं. इथे आजींनी काही केलं नाही. ग्रीस नाही, अर्क नाही. शेजारच्या काकूंनी विचारलं तर म्हणाल्या, पानं परत फुटतात हो. पंधरा दिवसांनी आम्ही गेलो तेव्हा फुटली होती.

(दृश्य : संध्याकाळ. जुईच्या कळ्या उमलण्याच्या बेतात. आजींच्या हातात वाटी.)

कमानीच्या डाव्या बाजूला एका फांदीवर अजून लाल दोरा आहे. तिथे थोडा पिठ्या आजींनी मुद्दाम राहू दिलाय. सगळाच काढला तर ढालकिडे उपाशी निघून जातील, असं त्यांचं म्हणणं. त्या फांदीच्या कळ्या त्या तोडत नाहीत.