रॅमवर आळ घेण्याआधी

मित्रहो, मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय ना? पोचतोय. मग सुरू करतो. फलकावर विषय लिहिलाय, ‘नव्या घरगुती कॉम्प्युटरमधल्या मेमरीच्या तक्रारी : निदानाची पद्धत’. पद्धतीकडे येणारच आहे. त्याआधी, ज्यांनी स्वतःच्या हातानं कॉम्प्युटर जोडलाय त्यांनी हात वर करा. बरेच आहेत. आता त्यातल्या ज्यांना पहिल्या महिन्यात विंडोज कोसळल्याचा निळा पडदा दिसला त्यांनी हात वरच ठेवा. आणि तो बघून ज्यांनी ‘रॅम खराब निघाली’ असं म्हटलं? बघा, एकही हात खाली आला नाही. माझाही वरच आहे.

मला आज एवढंच सांगायचंय, की हा आळ फार घाईनं घेतला जातो. स्टिक, म्हणजे रॅमची सुटी पट्टी, खराब निघते, नाही असं नाही. पण नव्या जोडणीत मेमरीचा दोष म्हणून जे दिसतं, तो पुष्कळदा स्टिक आणि प्रोसेसर यांच्यातल्या बोलण्याचा दोष असतो. चोर सोडून संन्याशाला फाशी देतो आपण.

मेमरी म्हणजे काय ते एकदा डोळ्यांसमोर आणा. तिची एकेक पेशी म्हणजे एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर. ही रचना रॉबर्ट डेनार्ड यांची. आयबीएममध्ये असताना त्यांना १९६८ मध्ये तिचं पेटंट मिळालं, आणि मेमरीची आजची पिढी, डीडीआर ५, सुद्धा त्याच कल्पनेवर उभी आहे. कपॅसिटरमध्ये भार आहे की नाही, यावरून १ की ० ते ठरतं. पण हा भार गळतो. पाढे पाठ केलेल्या मुलासारखं आहे हे, घोकणं थांबलं की विसरलं. आधीच्या पिढीच्या डीडीआर ४ मध्ये प्रत्येक ओळ ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावी लागते, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा. डीडीआर ५ मध्ये तर ३२ मिलिसेकंदांतच. जिला आपण ‘आठवण’ म्हणतो ती अशी क्षणोक्षणी घोकून टिकवलेली असते. मला याचं अजून नवल वाटतं.

आणि घोकून घेणारा मास्तर स्टिकवर बसलेला नसतो. हा मास्तर म्हणजे मेमरी कंट्रोलर. तो पूर्वी मदरबोर्डवरच्या वेगळ्या चिपमध्ये असायचा. प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडीनं तो २००३ मध्ये प्रोसेसरच्या पोटात घेतला, इंटेलनं २००८ मध्ये. तेव्हापासून मेमरीच्या प्रत्येक तक्रारीत प्रोसेसर पक्षकार आहे, तो ज्यात बसतो ते सॉकेट आहे आणि त्याच्यावर बसलेला कूलरसुद्धा आहे. कूलर कसा, ते भाचीच्या कॉम्प्युटरवरून सांगतो.

भाचीनं सगळं स्वतः जोडलं. एएमडीच्या एएम ५ सॉकेटचा मदरबोर्ड, १६-१६ जीबीच्या दोन स्टिक. रात्री फोन आला, ‘मामा, पंखे फिरतायत पण स्क्रीन काळीच आहे. डीरॅम लिहिलंय तिथे दिवा लागलाय.’ बोर्डावरचा मेमरीची तक्रार दाखवणारा दिवा तो. मी म्हणालो, बंद करून चालू कर. तिनं केलं, काही फरक नाही. पुन्हा कर म्हटलं. असं चार वेळा झालं. शेवटी ती वैतागून, कॉम्प्युटर तसाच चालू ठेवून जेवायला गेली. परत येऊन बघते तर स्क्रीनवर बायॉस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा बोर्डाचा प्रोग्रॅम, हजर!

झालं होतं असं, की डीडीआर ५ चा बोर्ड पहिल्यांदा चालू होतो तेव्हा प्रोसेसर आणि मेमरी आधी एकमेकांचा अंदाज घेतात. कुठल्या रेषेवरून संकेत किती उशिरा येतो, किती व्होल्टेजच्या वर १ समजायचा, हे सगळं ठरतं. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. त्याला काही मिनिटं लागू शकतात आणि तोवर स्क्रीन काळीच राहते. मध्येच बटण दाबलं की पुन्हा श्रीगणेशा. तेव्हा पहिल्यांदा चालू केल्यावर घड्याळ लावून पंधरा मिनिटं हात लावू नका.

खरा त्रास दोन आठवड्यांनी सुरू झाला. ब्राउझरचा टॅब आपोआप मिटायचा. मोठी झिप फाइल उघडताना सीआरसीची, म्हणजे आतला मजकूर पडताळणीत जुळत नसल्याची, चूक यायची, आणि तीच फाइल दुसऱ्यांदा सुरळीत उघडायची. हे लक्षण लिहून ठेवा. डिस्कवरची फाइलच बिघडली असती तर ती दर वेळी अडली असती. कधी अडते, कधी उघडते, म्हणजे वाटेत कुणीतरी अक्षरं बदलतंय. मग निळे पडदे, दर वेळी नवं कारण दाखवणारे. आम्ही काय केलं? दोन्ही स्टिक बदलून आणल्या. निळा पडदा होता तसाच.

आणि या मधल्या दिवसांत भाचीनं तिच्या आजीचे, म्हणजे माझ्या आईचे, जुने फोटो नव्या कॉम्प्युटरवर नेले. कॉपी नाही, कट करून पेस्ट. त्यातले अकरा फोटो वरून निम्मे दिसतात आणि खाली करडा पट्टा. डिस्कवरून डिस्कवर जाणारी प्रत्येक गोष्ट वाटेत मेमरीत उतरते, आणि बिघडलेली मेमरी तक्रार न करता चुकीचं लिहून देते. म्हणून मी या विषयावर बोलत फिरतो. निळा पडदा परवडला, तो निदान दिसतो तरी. हे दिसत नाही.

त्यानंतर मी वही घेतली. बायॉस मूळ सेटिंगवर आणलं, वेग खाली उतरवला आणि पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट हे मेमरी तपासणारं सॉफ्टवेअर चालवलं. पहिली स्टिक एकटी ए२ स्लॉटमध्ये : चार फेऱ्या, चुका शून्य. दुसरी एकटी ए२ मध्ये : शून्य. पहिली एकटी बी२ मध्ये : पहिल्याच फेरीत चुका. दुसरी बी२ मध्ये : चुका. अवघ्या चार ओळी. चूक स्टिकमागे फिरली नाही, स्लॉटपाशीच थांबली. परत पाठवलेल्या त्या दोन स्टिक निर्दोष असणार, हे तेव्हा कळलं.

मग कूलर उघडला. चार स्क्रूंपैकी एक बाकीच्यांपेक्षा जवळजवळ दीड वेढा जास्त आवळलेला. प्रोसेसरवरची, उष्णता कूलरकडे नेणारी पेस्ट एका कोपऱ्यात कागदासारखी पातळ आणि समोरच्या कोपऱ्यात जाड, म्हणजे कूलर कललेला होता. एएम ५ च्या सॉकेटमध्ये १७१८ संपर्कबिंदू असतात आणि त्यांतले कितीतरी केवळ मेमरीसाठी असतात. दाब एकीकडे झुकला तर नेमका एखाद्या चॅनेलचा, म्हणजे मेमरीकडे जाणाऱ्या एका वाटेचा, संपर्क कच्चा राहू शकतो. प्रोसेसर उचलून सॉकेट टॉर्चच्या तिरप्या उजेडात पाहिलं, सुया सरळ होत्या. प्रोसेसर पुन्हा बसवला, नवी पेस्ट लावली आणि स्क्रू समोरासमोरचे, अर्धा-अर्धा वेढा देत आवळले. रात्रभर टेस्ट लावली. सकाळी बी२ मध्येही शून्य. भाची त्या शून्याचा फोटो काढत होती!

आता माझी एक तक्रार आहे, ती ऐकून घ्या. मेमरीच्या खोक्यावर ठसठशीत छापलेलं असतं ६०००, म्हणजे सेकंदाला इतके दशलक्ष वेळा देवघेव. घेणाऱ्याला वाटतं हा तिचा स्वाभाविक वेग. तो तसा नसतो. अशी स्टिक काही न सांगता लावली तर ती बहुधा ४८०० नं चालू होते, कारण प्रमाणित वेग तो. ६००० हा बायॉसमधलं एक्स्पो किंवा एक्सएमपी हे वेगाचं तयार प्रोफाइल चालू केल्यावरचा, म्हणजे ओव्हरक्लॉकिंगचा, प्रमाणाबाहेर पळवण्याचा. इंटेलचं एक्सएमपी २००७ पासून आहे, एएमडीचं एक्स्पो २०२२ पासून. आणि प्रोसेसर बनवणारा काय म्हणतो? एएमडीच्या रायझन ७००० मालिकेच्या प्रोसेसरचा अधिकृत वेग दोन स्टिकना ५२०० आणि चार स्टिक लावल्या तर ३६००. खोक्यावर ६०००, प्रोसेसरच्या माहितीपत्रकात ३६००, आणि मधल्या खड्ड्यात पडतो तो घरी बसून जोडणारा माणूस. तो चार स्टिक लावतो, प्रोफाइल चालू करतो, कॉम्प्युटर कोसळतो आणि दोष स्टिकला. ही माहिती खोक्यावर, त्याच आकाराच्या अक्षरांत छापायला हवी. हे मी प्रत्येक व्याख्यानात म्हणतो आणि म्हणत राहणार.

त्यातच आणखी एक. काही सॉफ्टवेअर ६००० च्या स्टिकला ३००० दाखवतं आणि लोक घाबरून विचारतात, अर्धी मेमरी गेली का. गेली नाही. डीडीआर म्हणजे घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा देवघेव. ठोके ३०००, देवघेव ६०००.

चिठ्ठी आली आहे, सात मिनिटं राहिली म्हणे. पद्धत तर अजून सांगायचीच आहे. भराभर सांगतो, लिहून घ्या.

कॉम्प्युटर बंद, वायर काढलेली, हात आधी धातूला लावून घ्यायचा. दोन स्टिक असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट, म्हणजे ए२ आणि बी२. बोर्डाच्या पुस्तिकेत बघून खात्री करा. अनेक बोर्डांवर खटका एकाच बाजूला असतो. खटक्याची बाजू बसते आणि दुसरी केसभर वर राहते. दोन्ही टोकं अंगठ्यानं दाबा, सोनेरी पट्टी स्लॉटच्या वर सारखी दिसायला हवी. जोर लावूनही बसत नसेल तर थांबा. डीडीआर ४ आणि ५ दोन्हींना २८८ पिना आहेत, पण खाच वेगळ्या जागी आहे.

मग बायॉस मूळ सेटिंगवर आणा. आत जाताच येत नसेल तर सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बोर्डानं जपून ठेवलेली सेटिंग पुसा. बायॉसची नवी आवृत्ती असेल तर टाका, नव्या प्रोसेसरवर मेमरीच्या किती तरी तक्रारी तेवढ्यानं मिटतात. एक्स्पो, एक्सएमपी बंदच राहू दे.

टेस्ट पेनड्राइव्हवरून चालवा. विंडोज चालू असताना तिनं स्वतः व्यापलेली मेमरी नीट तपासता येत नाही. मेमटेस्ट८६ फुकट मिळतं, मेमटेस्ट८६+ मुक्त स्रोत आहे. दोघांचं मूळ ख्रिस ब्रेडी यांनी १९९४ मध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये. निदान चार फेऱ्या. चुका किती चालतील, असं मला विचारतात. एकही नाही. लाखात एक चूकसुद्धा कुणाच्या तरी फोटोत जाऊन बसते.

चुका आल्या तर एक स्टिक, एक स्लॉट, एक ओळ वहीत. एका वेळी एकच गोष्ट बदला. चूक स्टिकबरोबर फिरली तर स्टिक दोषी, खुशाल परत करा. दोन निरनिराळे किट, म्हणजे एकत्र विकलेल्या स्टिकचे संच, एकत्र लावले असतील तर आधी ते वेगळे करून तपासा. एकाच मॉडेलच्या किटांतही आतल्या चिपा वेगळ्या निघतात. मूळ वेगावर सगळं स्वच्छ असेल तरच प्रोफाइल चालू करा आणि टेस्ट पुन्हा. आता चुका आल्या तर ६००० वरून ५६०० वर या. फरक वापरताना फारसा जाणवणार नाही.

३२ लावले आणि १६ दिसतात, हा नेहमीचा प्रश्न. आधी बायॉस काय दाखवतं ते बघा. तिथेच १६ असतील तर स्लॉट, स्टिक, सॉकेट. बायॉसमध्ये ३२ आणि विंडोजमध्ये कमी असतील तर विंडोजच्या एमएसकॉन्फिग या सेटिंगच्या प्रोग्रॅममधली कमाल मेमरीची खूण काढा. एखाद-दोन जीबीच कमी असेल तर ते प्रोसेसरच्या अंगच्या ग्राफिक्सनं घेतलेलं असतं.

शेवटचं, उठू नका अजून. मेमरी बिघडलेली असताना टाकलेली विंडोज तशीच ठेवू नका, ती परत टाका. तिच्या फाइलीही त्याच वाटेनं आल्या आहेत. आणि त्या काळात हलवलेली प्रत्येक फाइल उघडून बघा, मूळ डिस्क पुसण्याआधी. आईच्या अकरा फोटोंपैकी सात आम्हाला जुन्या डिस्कवरून रिकव्हरी करून मिळाले, कारण त्यानंतर त्या डिस्कवर काहीही लिहिलेलं नव्हतं. मेमटेस्ट भरलेले काही पेनड्राइव्ह इथे टेबलावर ठेवतो, ज्यांच्या घरी निळा पडदा आहे त्यांनी जाताना न्या.