चौथ्या अंकानंतर मैत्रिणी कुठे जातात?

मंडळी, नमस्कार. शिरोड्यात कादंबरीवर बोलायचं म्हणजे खांडेकरांचं नाव घेतल्याशिवाय सुरुवात होऊच शकत नाही. १९२० साली वि. स. खांडेकर या गावात शिक्षक म्हणून आले आणि १९३८ पर्यंत इथेच राहिले. त्यांच्या 'ययाति'कडे मी येणार आहे, पण जरा उशिरा. कारण आजचा विषय इथल्या कॉलेजच्या मुलामुलींनी सुचवलाय, आणि त्यांना आधी न्याय द्यायला हवा.

ही मुलं सध्या जे वाचतात त्याला रोमँटसी म्हणतात. जादूचं राज्य, शाप, ड्रॅगन, पंख असलेले राजपुत्र, आणि या सगळ्याच्या मधोमध एक प्रेमकथा. मोठी माणसं ही पुस्तकं हातात घेतात, चार पानं चाळतात आणि म्हणतात, यात आहे काय? मी त्यांना एकच सांगते. नायक-नायिका एकांतात असतात ती पानं तूर्तास सोडा. बाकीचे लोक खोलीत असतात तेव्हाची पानं वाचा. जेवणाच्या टेबलावरचं भांडण, जखमेवर पट्टी बांधणारी मैत्रीण, "हा माणूस तुझ्यासाठी बरा नाही" असं तोंडावर सांगणारा मित्र. या मुलांचा जीव खरा तिथे गुंतलेला असतो. रक्ताच्या नात्याने दिलं नाही ते घर चारपाच माणसं मिळून उभं करतात, आणि प्रेमाला त्या घरात जागा मिळते. माझं म्हणणं असं आहे की अशा कथेची खरी परीक्षा प्रेमिक एकत्र येण्यात नसतेच. ते एकत्र आल्यावर मित्रमैत्रिणींचं काय होतं, हे बघायचं.

आता तुम्हाला वाटेल, हे सगळं परदेशातून आलेलं. मग शाकुंतल घ्या. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणलं आणि मराठी माणसाने ही गोष्ट गाण्यांसकट आपली करून टाकली. शकुंतला म्हणजे आईने टाकलेलं मूल. मेनका निघून गेली, पाखरांनी राखलं, कण्वांनी उचलून आणलं. तिचं सगळं घरच जोडलेलं आहे: वडील मानलेले, आईच्या जागी गौतमी मानलेली, वेली बहिणी मानलेल्या. आणि अनसूया-प्रियंवदा या दोघी सख्या.

कालिदासाने या दोघींना किती कामं दिली आहेत बघा. दुष्यंत शकुंतलेची चौकशी तिच्याकडे करत नाही, या दोघींकडे करतो. कमळाच्या पानावर नखाने प्रेमपत्र लिही, ही युक्ती प्रियंवदेची. हरणाच्या पाडसाला आईकडे पोचवायचं निमित्त काढून दोघांना एकटं सोडतात त्याही याच. पण माझ्या मनातून जात नाही तो चौथ्या अंकातला प्रसंग. दुर्वास शाप देऊन तरातरा चालू लागतो. शकुंतला आपल्या तंद्रीत आहे, तिला पत्ताच नाही. प्रियंवदा धावत जाते, त्या तापट म्हाताऱ्याच्या पाया पडते आणि शापाला उतारा मिळवून आणते: ओळखीचा दागिना दिसला की शाप सुटेल. मग दोघी ठरवतात, हे शकुंतलेला सांगायचं नाही. नवमालिकेवर कढत पाणी कोण शिंपडेल, असं प्रियंवदा म्हणते.

म्हणजे या नाटकातलं सगळ्यात मोठं गुपित आख्ख्या जगात दोघीच मुलींना ठाऊक आहे.

निरोपाच्या वेळी शकुंतला कण्वांना विचारते, या दोघी इथूनच परत जाणार का? कण्व म्हणतात, यांचीही लग्नं व्हायची आहेत, यांनी तिकडे जाणं बरं नाही, तुझ्याबरोबर गौतमी येईल. झालं. पाचव्या अंकात भर दरबारात शकुंतला उभी आहे, बोटात अंगठी नाही, राजा ओळख देत नाही, बरोबर आलेली माणसंही तिलाच दोष देऊन परत निघतात. आणि शापाची साक्ष देऊ शकतील अशा दोघी तिकडे आश्रमात बसल्या आहेत. त्या दरबारात असत्या तर? निदान एवढं तरी कुणी ओरडून सांगितलं असतं की ही खोटं बोलत नाही. पुढची शोकांतिका घडायची तर सख्या दूर असायलाच हव्या होत्या, आणि कालिदासाने त्यांना दूर ठेवलं. त्यानंतर त्या दोघी नाटकात पुन्हा येत नाहीत. शेवटी मीलन होतं, मुलगा भेटतो, शाप कळतो, सगळं होतं, पण ज्यांनी उतारा मिळवला त्यांना कुणी बोलावत नाही.

रवींद्रनाथ ठाकुरांना हे खुपलं होतं. काव्यातल्या उपेक्षितांवर त्यांनी एक निबंध लिहिला, त्यात ऊर्मिला आहे, या दोघी आहेत आणि बाणभट्टाच्या 'कादंबरी' या संस्कृत कथेतली पत्रलेखाही आहे, म्हणजे राजपुत्र चंद्रापीडाची सेविका आणि सोबतीण. पत्रलेखेबद्दल त्यांचं म्हणणं पटतं. पण बाणभट्टाने मैत्रीला जे स्थान दिलंय ते मात्र विसरता येत नाही. सातव्या शतकातला हा माणूस. त्याची नायिका कादंबरी ठरवून बसली आहे की आपली मैत्रीण महाश्वेता दुःखात आहे तोवर आपण लग्न करायचं नाही. आईबाप समजावून थकले. नायकाची आणि तिची गाठ पडते तीच मुळी या अटीमुळे, कारण महाश्वेता चंद्रापीडाला बरोबर घेऊन तिची समजूत घालायला जाते. आणि पुढे हा चंद्रापीड मरतो कशाने? युद्धात नाही, विरहाने नाही. आपला मित्र वैशंपायन गेला हे ऐकून त्याचं काळीज फुटतं. पुनर्जन्म, चंद्रलोक, घोडा झालेला मित्र, पोपट झालेला प्रियकर, असली अचाट गोष्ट आहे ती, आणि तिच्यातलं प्रत्येक प्रेम मैत्रीच्या खांद्यावर उभं आहे. प्रेमकथेत मित्र कशाला, असं विचारणाऱ्याने बाणभट्ट वाचावा.

आता आजच्या पुस्तकांकडे. सारा जे. मास या लेखिकेची एक मालिका २०१५ पासून येते आहे, इथल्या अर्ध्याअधिक मुलींनी ती वाचलीय हे मला मघाशी कळलं. दुसऱ्या भागात नायिकेला तिचाच होणारा नवरा काळजीपोटी घरात कोंडून ठेवतो. तिला तिथून उचलून बाहेर काढते ती एक बाई, पुढे जिच्याशी तिची मैत्री होते. नंतर नव्या राज्यात गेल्यावर त्या बाईची जी मंडळी भेटतात ती एकमेकांची थट्टा करतात, भांडतात, एका ताटात जेवल्यासारखी वागतात. त्या जेवणाच्या प्रसंगात तिला कुणी काही सिद्ध करायला सांगत नाही. कोंडणारं प्रेम आणि माणसांत आणून बसवणारं प्रेम यातला फरक लेखिकेने भाषणाने सांगितलेला नाही, जेवायला कोण कोण बसलंय यावरून दाखवलाय. मला ते फार आवडलं.

त्याहून लहान, साधं पुस्तक म्हणजे ट्रॅव्हिस बॉल्ड्री यांचं 'लेजंड्स अँड लाटेज', २०२२ सालचं. व्हिव्ह नावाची एक ऑर्क, म्हणजे राक्षसकुळातली धिप्पाड बाई, आयुष्यभर तलवार चालवून कंटाळते आणि एका शहरात कॉफीचं दुकान टाकते. त्या शहरात कॉफी कुणाला माहीतच नाही. हळूहळू माणसं जमतात: कमी बोलणारा सुतार, उंदराच्या जातीचा एक भटारी, हिशेब आणि पाट्या सांभाळणारी टँड्री. टँड्रीवर व्हिव्हचं प्रेम बसतं, पण इतकं सावकाश की दोघींनाही ते उशिरा कळतं. आता खरी गोम ऐका. व्हिव्हने दुकानाच्या जमिनीखाली नशीब खेचून आणणारा एक खडा पुरून ठेवला आहे. माणसं आली ती त्या खड्यामुळे आली की आपणहून? ही शंका तिला आतून खाते. मग जुना एक सोबती दुकानाला आग लावतो, सगळं राख होतं, खडाही जातो. आणि ही माणसं राखेत उभी राहून पुन्हा बांधायला लागतात. तिच्या शंकेचं उत्तर एवढंच. जादूच्या कथेत जादू काढून घेतल्यावर जे शिल्लक राहतं ते लेखकाने तपासून बघितलंय.

पण सगळीच पुस्तकं इतकी प्रामाणिक नसतात. मला या प्रकाराबद्दल एक तक्रार आहे, आणि ती आवडीतून आलेली आहे. पुष्कळ मालिकांमध्ये मित्रमंडळींना पहिल्या दोन भागांत स्वतःचं दुःख असतं, हट्ट असतात, जुनी वैरं असतात. नायक-नायिकेचं जमलं की ही माणसं एकदम टाळ्या वाजवणारी होतात. नाहीतर त्यांच्याच जोड्या लावून टाकतात, जणू एकटं राहणारा मित्र म्हणजे अर्धवट सोडलेलं काम. मैत्रिणीला नायिकेकडून काही मागायचं असतं, तिला राग येतो, ती कधी "नाही" म्हणते. हे गेलं की कुटुंब गेलं, उरली वरात.

आपल्याकडे जोडलेलं कुटुंब कसं चालतं हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. तुमच्यापैकी कितीजणांचे आजोबा गिरणीत होते? लालबाग-परळच्या चाळीतली गावकऱ्यांची खोली आठवा. एका खोलीत एका गावचे पुरुष, पाळीप्रमाणे झोपणारे. पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच जागेवर आडवा व्हायचा. भिंतीला ओळीने खुंट्या, खाली ज्याच्या त्याच्या ट्रंका. लिहिता येणारा एखादा सगळ्यांची पत्रं लिहायचा, म्हणजे प्रत्येकाच्या बायकोशी काय बोलणं चाललंय हे त्याला माहीत, आणि ते त्याने पोटात ठेवायचं. जेवण खाणावळवाल्या बाईकडे. "पगार नाय झालो म्हणान जेवाण चुकता काय?" असं म्हणून ताट वाढणाऱ्या बायका होत्या त्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांना घेऊन, सावकाराच्या व्याजातून त्यांना सोडवण्यासाठी. ताट वाढणारीलाही कर्ज होतं, तिचीही चूल कुणीतरी पेटती ठेवावी लागत होती. कथेत मित्र लिहिताना मी नव्या लेखकांना हेच बघायला सांगते: जो सगळ्यांना आधार देतो त्याचा हिशेब कोण ठेवतो?

आणि त्या खोलीला भिंतही होती, ती लपवून चालणार नाही. खोली बहुधा एका गावची असायची, बऱ्याचदा एका जातीची. आत आलेल्याला पोटाशी धरणारी माणसं दारातल्या दुसऱ्या कुणाला आत घेत नव्हती. कल्पित जगाची ताकद मला इथे दिसते. ऑर्क, उंदीर आणि सुतार एका भट्टीपाशी बसले की वाचणाऱ्या मुलीला कळतं, आपल्या दारात कोण अडलंय ते.

आता 'ययाति'. १९५९ साली आलेली ही कादंबरी, तिला १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं. आपण ती वासनेची कथा म्हणून वाचतो. महाभारतातल्या मूळ गोष्टीची सुरुवात मात्र दोन मैत्रिणींच्या भांडणातून होते. देवयानी आणि शर्मिष्ठा जलक्रीडेला गेल्या, वाऱ्याने वस्त्रं एकत्र झाली, एकीने चुकून दुसरीचं नेसलं. त्यावरून बाप काढले गेले, एकीने दुसरीला विहिरीत ढकललं, आणि राजा ययाती येऊन तिला हात देतो तो त्यानंतर. मग राजकन्या शर्मिष्ठा दासी होऊन मैत्रिणीच्या सासरी जाते. एका लुगड्यावरून तुटलेली मैत्री आख्ख्या राजवंशाला भोवली. खांडेकरांनी मोठं काम केलं ते हे की ययातीबरोबर या दोघींनाही स्वतःच्या तोंडाने गोष्ट सांगायला लावली. दोघींची बाजू आत शिरून वाचली की कुणा एकीला खलनायिका म्हणणं जमत नाही.

इथे लिहिणाऱ्या मुली बसल्या आहेत म्हणून शेवटचं. ड्रॅगन मागवायला लांब जाऊ नका. शेजारी आरवलीत वेतोबा आहे. त्याला आपण केळ्यांचे घड देतो, भल्यामोठ्या चामडी वहाणा देतो, आणि रात्री राखण करत फिरताना त्या वहाणा झिजतात असं मानतो. तशा वहाणा शिवणाऱ्या घरातली एक मुलगी घ्या. झिजलेल्या तळव्यांवरून देव काल रात्री कुठे गेला होता हे तिला वाचता येतं, समजा. तिचं प्रेम कुणावर बसवायचं ते तुम्ही बघा, ते सोपं आहे. तिच्या सोबतीला चार जणं द्या: खाडीवरचा तरवाला, दशावतारात बाईचं सोंग घेणारा एखादा, आंब्याच्या बागेत राखणीला आलेली परप्रांतातली पोर, आणि तिच्याशी अबोला धरलेली जुनी मैत्रीण. प्रत्येकाला असं काहीतरी हवं असू दे जे नायिकेच्या सुखाच्या आड येतं. लग्न मध्यावरच उरकून टाका. पुढचं प्रकरण लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सुरू करा, ती अबोला धरलेली मैत्रीण दारात येऊन आपला वाटा मागते तिथून.