‘आता घरी घेऊन जा’ म्हटल्यावर

मंडळी, इस्पितळातून निघताना बऱ्याच कुटुंबांना एक वाक्य ऐकावं लागतं: ‘आता घरी घेऊन जा, करण्यासारखं काही उरलं नाही.’ अशा रुग्णांच्या घरी जाते तेव्हा ते ऐकलेली माणसं मला गोव्यात डिचोलीत भेटतात, सत्तरीत भेटतात, इथे फोंड्यातही भेटतात. आजार बरा होणार नाही, एवढंच त्या वाक्यात खरं असतं. दुखणं थांबवायचं, धाप कमी करायची, पाठीला जखमा होऊ द्यायच्या नाहीत, घरच्यांना धीर द्यायचा, ही सगळी कामं तिथून पुढे सुरू होतात. याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. ती घरीही देता येते. घरी जमत नसेल तर माणसाला शेवटच्या काळात जिथे ठेवून घेतात, ते हॉस्पिस.

सिसिली सॉन्डर्स या बाई आधी नर्स होत्या, मग समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या. 1967 साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. दुखणं फक्त शरीराचं नसतं, त्यात घराची चिंता, एकटेपण, देवाशी चाललेलं भांडणही असतं आणि उपचार या सगळ्यावर करायला हवा, हे त्यांनी ठामपणे मांडलं. आपल्या देशात कर्करोगाचे सर्जन डॉ. लुईस डिसोझा यांनी 1986 साली वांद्र्याला शांती अवेदना सदन उभं केलं. त्याच संस्थेचं सदन आपल्याकडे लोटलीला आहे. जातधर्म न पाहता, पैसे न घेता तिथे सेवा मिळते. एवढ्या जवळ असूनही ते अनेकांना ठाऊक नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

आता मॉर्फीनबद्दल. ‘अफूचं औषध’ म्हटलं की घरातले घाबरतात. सवय लागेल, माणूस गुंगीत राहील, असं त्यांना वाटतं. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, योग्य मात्रेत दिलेल्या मॉर्फीनचं व्यसन सहसा लागत नाही. सुरुवातीला झोप येते, मळमळतं, पण काही दिवसांत ते बहुधा कमी होतं. बद्धकोष्ठ मात्र हटत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून रेचक सोबत हवंच. साधी गोळी साधारण दर चार तासांनी, घड्याळ पाहून द्यायची. ‘दुखलं की देऊ’ म्हणून थांबलात की वेदना पुन्हा चढते आणि ती खाली आणायला जास्त औषध लागतं. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्याने हे औषध मिळणं फार अवघड करून ठेवलं होतं. 2014 च्या दुरुस्तीने वाट थोडी मोकळी झाली. आपली भीती मात्र अजून तिथेच आहे.

दुसरी गोष्ट पेजेची. आपल्या घरात माया दाखवायची ती जेवू घालून. त्यामुळे माणूस जेवेनासा झाला की सगळे हादरतात. मी पाहिलंय, मागे तीन उशा लावून आज्जीला बसवलेलं, एकीने हनुवटी धरलेली आणि दुसरी चमच्याने पेज घालतेय. ‘दोनच घास गे, माझ्यासाठी.’ आज्जीचे डोळे मिटलेले, पेज ओठांच्या कोपऱ्यातून गळ्यावर ओघळतेय, आणि मग ठसका. जाणाऱ्या शरीराला अन्न पेलत नाही. माणूस जेवत नाही म्हणून जात नसतो, तो जायला निघालाय म्हणून त्याची भूक मरते. अशा वेळी करायचं ते असं: ओल्या मऊ कापडाने तोंड आतून पुसा, ओठांना तूप लावा, शुद्धीत असेल आणि मागितलं तर शहाळ्याचं पाणी चमचाभर द्या. तेही जेवू घालण्याइतकंच मायेचं आहे.

खरं सांगायचं की नाही, हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. मुलगा गेटपाशीच थांबवतो, ‘बाबांना काही सांगू नका.’ आत बाबा हळूच म्हणतात, ‘मुलाला कळू देऊ नका, तो खचेल.’ दोघांनाही माहीत असतं! मी रुग्णालाच विचारते, ‘तुम्हाला काय वाटतं, काय चाललंय?’ तो जेवढं विचारेल तेवढंच सांगायचं, पण खोटं बोलायचं नाही.

शेवटच्या काळात कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, ही आपली इच्छा आधी लिहूनही ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली ती वाट दिली आणि 2023 साली सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेत. 2024 साली मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी गोव्यात स्वतःचं असं इच्छापत्र नोंदवलं. धडधाकट असतानाच हे करा.

शेवटी, सेवा करणारीबद्दल. बहुतेक घरी ती सून असते नाही तर लेक, आणि रात्री तिलाच उठावं लागतं. माणूस गेल्यावर काही दिवसांनी उरलेल्या मॉर्फीनच्या गोळ्या परत न्यायला आम्ही जातो, त्या घरात ठेवायच्या नसतात. त्या निमित्ताने थोडं बसतो. पाहुणे पांगलेले असतात. वहिनी डबी हातात देतात आणि हळूच विचारतात, ‘त्या रात्री शेवटची गोळी मी दिली. त्याने तर काही झालं नसेल ना?’ मी त्यांना स्पष्ट सांगते: नाही. सांगितलेल्या मात्रेतल्या गोळीने माणूस जात नाही, तो आजाराने गेला. तुमच्या गोळीने त्याचं दुखणं थांबलं.