कुसुम की अनुराधा?

नमस्कार श्रोतेहो.

मुलाला कॅनडाचं पीआर, म्हणजे तिथे कायम राहण्याचा परवाना, मिळालं की आमच्या ठाण्यात आधी पेढे येतात. मग वजनकाट्यावर बॅगा चढतात, मेतकूट आणि गोडा मसाला कुठल्या बॅगेत यावर वाद होतात. मूल उडतं. तीन-चार महिन्यांनी रात्री उशिरा फोन येतो, "आई, तुमचा व्हिसा टाकतोय, कागद पाठव." आणि मग कपाटावरची ट्रंक खाली उतरते.

माझं म्हणणं एवढंच, की ती ट्रंक मूल इथे असतानाच उतरवा. पुन्हा सांगतो, मूल इथे असतानाच. आणि तिच्यातून पहिला कागद काढा तो मुलाचा जन्मदाखला. त्यावर आईचं नाव काय आहे ते वाचा. पाठ आहे म्हणू नका, चष्मा लावून वाचा.

हे मी का सांगतो, तर आमच्या चुलत घरातली गोष्ट आहे. दादा आणि वहिनी नौपाड्यात राहतात. नावं मी बदलून सांगतोय, आणि या गोष्टीत नाव बदलणं काही नवीन नाही. वहिनी माहेरची वाईची. माहेरचं नाव कुसुम. 1986 साली लग्न झालं, दादांनी ताटातल्या तांदळात अंगठीने 'अनुराधा' लिहिलं, आणि कुसुम संपली. रेशनकार्ड अनुराधा, बँक अनुराधा, पासपोर्ट अनुराधा.

आता पहिलं बाळंतपण कुठे होतं? माहेरी. 1988 साली वाईला मुलगा झाला. दादांना इथे रजा नव्हती, म्हणून नोंद करायला गेले वहिनीचे वडील. कारकुनाने विचारलं, आईचं नाव? बापाच्या तोंडून काय येणार? कुसुम. झालं. दाखल्यावर आई कुसुम, पासपोर्टवर आई अनुराधा. इतकी वर्षं कोणाला पत्ता नाही, कारण शाळेत दाखला दिला तेव्हा सगळ्यांनी जन्मतारीख पाहिली, आईकडे कोण बघतो! (हे माझं जुनं दुखणं आहे. आपल्याकडे बाईचं नाव बदलायला पाच मिनिटं लागतात आणि ते सिद्ध करायला पाच महिने. असो.)

2023 साली मुलगा तिकडून फॉर्म भरायला बसला आणि रात्री फोन, "बाबा, माझ्या दाखल्यावर ही कुसुम कोण?" दादा म्हणाले, "तुझी आई!" तो म्हणाला, "ते मला माहीत आहे हो, व्हिसा ऑफिसरला कोण सांगणार?"

दादा वाईला गेले, दाखला दुरुस्त करायला. तिथे विचारलं, कुसुम आणि अनुराधा एकच, याचा पुरावा? विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र आणा. आणि इथे दादा गप्प झाले. कारण लग्नाला आले होते चारशे लोक, पण नोंदणी कोणी केलीच नव्हती! नवीन मंडळींना हे खरं वाटणार नाही. आपला विवाह नोंदणीचा अधिनियम 1998 सालचा. त्याआधीच्या कितीतरी जोडप्यांकडे पुरावा म्हणून फक्त पत्रिका आणि अल्बम.

मग लग्नानंतर 37 वर्षांनी दादा-वहिनी ठाण्यात नोंदणीला गेले. तीन साक्षीदार हवेत. लग्न लावणारे गुरुजी केव्हाच वारले होते, त्यांच्या जागी प्रतिज्ञापत्र. लग्नपत्रिका मात्र वहिनीने साडीच्या घडीत जपली होती, आणि त्या पत्रिकेनेच वाचवलं. तिच्यावर छापलं होतं, चि. सौ. कां. कुसुम. पत्रिका आहे ना तुमच्याकडे? जपा. पुन्हा सांगतो, पत्रिका जपा.

फोटोचं वेगळंच. नोंदणी कार्यालयातल्या बाईंनी अल्बम उघडला. पहिल्या फोटोत मध्ये अंतरपाट. दुसऱ्यात मुंडावळ्यांमागे कोण आहे कळेना. तिसऱ्यात दोघं स्पष्ट, तर बाईंनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा दादांच्या टकलाकडे, आणि विचारलं, "यात नवरदेव कुठले?"

साक्षीदारांत एक वहिनीचा सख्खा मामा, वाईहून आणलेला, ऐंशीच्या पुढचा. त्याला बाहेर दहा वेळा बजावलं होतं की आत गेल्यावर अनुराधा म्हण. सही झाल्यावर मामा मोठ्याने म्हणतो, "कुसे, माझा चष्मा कुठाय?" बाईंनी पेन खाली ठेवलं. "ही कुसे कोण?" आता दादांना घाम. पण मामाने खुर्ची ओढली, आणि तांदळाचं ताट, अंगठी, कोण कुठे बसलं होतं, जेवायला किती पंगती झाल्या, सगळं सांगितलं. मागे रांग लागलेली. बाई शेवटी हसल्या आणि म्हणाल्या, "काका, एवढा पक्का साक्षीदार मला आजवर मिळाला नव्हता."

प्रमाणपत्र मिळालं, लग्नाआधीचं नाव आणि नंतरचं नाव असलेलं. त्याला जोडून नोटरीपुढे केलेलं प्रतिज्ञापत्र, की दोन्ही नावांची बाई एकच. आणि वाईचा दाखला मराठीत, म्हणून त्याचा इंग्रजी अनुवाद, सोबत अनुवादकाचं शपथपत्र. मराठी कागद तसाच अपलोड करू नका.

आता व्हिसाचं थोडक्यात. कॅनडात आईवडिलांसाठी दोन वाटा. साधा व्हिजिटर व्हिसा, त्यावर एका खेपेला साधारण सहा महिने. आणि सुपर व्हिसा, ज्यावर 2022 च्या जुलैपासून एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं. पण सुपर व्हिसासाठी मूल तिथलं नागरिक किंवा पीआरधारक हवं, त्याचं उत्पन्न ठरलेल्या पातळीच्या वर हवं, त्याचं निमंत्रणपत्र हवं, आईवडिलांची वैद्यकीय तपासणी हवी, आणि किमान 1 लाख कॅनेडियन डॉलरचा, किमान एक वर्षाचा आरोग्य विमा हवा. विमा, लक्षात आलं ना? मधुमेह, रक्तदाब असेल तर हप्ता वाढतो, आणि लपवला तर दाव्याच्या वेळी ऐकायला लागतं. बोटांचे ठसे एकदा दिले की दहा वर्षं चालतात.

साध्या व्हिसात ऑफिसरच्या मनात प्रश्न एकच, ही मंडळी परत जातील का? म्हणून पेन्शनचा कागद, घराचा करारनामा, इथे दुसरं मूल असेल तर तेही दाखवा. आधी कुठल्या देशाने नाकारलं असेल तर स्पष्ट लिहा. खोटं सापडलं तर कॅनडा पाच वर्षं दार बंद करतं. "एजंटने भरलं, मला माहीत नाही" हे तिथे चालत नाही. एजंटांबद्दल बोलायला बसलो तर ही वेळ पुरणार नाही. तलावपाळीवर संध्याकाळी एक फेरी मारा, प्रत्येक बाकावर एक तज्ज्ञ बसलेला असतो, आणि त्यातल्या निम्म्यांचा पासपोर्ट संपलेला असतो.

आणि हो, एक हात जोडून विनंती. मूळ कागद लॅमिनेट करू नका. त्यावर नंतर शिक्का बसत नाही, शाई प्लॅस्टिकला चिकटली की कागद सुटत नाही. दादांना हे मी प्रमाणपत्र मिळालं त्याच दिवशी, दारातच सांगितलं होतं. ते हो हो म्हणाले.

दोघांना सुपर व्हिसा मिळाला. निघायच्या आदल्या दिवशी मी भेटायला गेलो, तर भिंतीवर, देवघराच्या शेजारी, 37 वर्षांनी मिळालेलं विवाहाचं प्रमाणपत्र टांगलेलं. चकचकीत, चारी बाजूंनी लॅमिनेट केलेलं.